९१ की २१? पूर्व भागातल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

या प्रकरणातली विद्यार्थिनी आज नोकरी करते, त्यामुळे कुणी हे यशोगाथा म्हणून वाचायला घेईल. तसं ते नाही. दोन वर्षांत मी तिला जे तीन मोठे सल्ले दिले, त्यातला एक सपशेल चुकला, एक अर्धवट ठरला आणि एक बरोबर निघाला, पण माझ्या कारणांमुळे नाही. जे खरोखर उपयोगी पडलं ते मी सल्ला म्हणून दिलंच नव्हतं. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या इतरांना यातून काही सापडेल म्हणून सगळं मांडतो आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत, आणि नाव देत नाही.

आधी माझ्याबद्दल, कारण माझा कल इथे महत्त्वाचा आहे. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद झाली तेव्हा मी बारावीत होतो. सोलापुरात ज्यांच्या घरात असं झालं त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली : नोकरी म्हणजे सरकारी. मी एम.ए. झालो, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालो, आठ वर्षं तासिका तत्त्वावर राबलो आणि मग कायम झालो. म्हणजे मला श्रमबाजार ठाऊक आहे तो एकच, आणि त्यातही एकाच दाराने आत आलेल्या माणसाला दिसतो तेवढाच. वर्गात मात्र श्रमबाजार हा अख्खा घटक मीच शिकवतो.

मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, अशोक चौकाच्या पलीकडची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू-मराठी-दखनी यांची खिचडी, शिक्षण मराठी माध्यमातून. वडील यंत्रमागावर चादरीला, आई विड्या वळते. शहराच्या त्या बाजूला हे जोडकाम इतकं सर्रास आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिथल्या मुलांना वाटतच नाही. माढा-मोहोळकडची मुलं निदान कांद्याबद्दल तावातावाने बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली त्या आठवड्यात मला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत (आजच्या भावावर पुढची लागवड ठरते आणि त्या लागवडीवर पुढचा भाव) शिकवावाच लागला नाही. फळ्यावर सोलापूर बाजार समितीतला भाव आणि पुढच्या हंगामाची लागवड असे दोन बाण काढले, बाकी सगळं वर्गानेच सांगितलं. पूर्व भागातली मुलं मात्र गप्प. मजुरीचा दर, कांडी भरणं, विड्यांचा हजारी हिशेब हे 'अर्थशास्त्र' आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मीही नाही.

पहिला सल्ला

ऑक्टोबर २०२२. ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. मावसभाऊ पुण्यात एमपीएससी करत होता, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. तिनेही जावं असं घरात चाललं होतं. ती विचारायला आली.

मी मास्तरासारखा वागलो. कागद घेतला आणि संधी खर्चाचा, म्हणजे एक वाट धरताना दुसऱ्या वाटेवर काय सुटतं याचा, तक्ता मांडला. एका रकान्यात खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, क्लासची फी. दुसऱ्यात त्याच काळात इथे मिळू शकलेला पगार. शिवाय परीक्षेचं स्वरूपच तेव्हा अधांतरी होतं : राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक होणार अशी घोषणा झालेली, त्याला मुलांचा विरोध होता. (पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बदल २०२५ वर ढकलला गेला.) बेरीज करून म्हटलं, 'एवढे पैसे लावायचे आणि खेळाचे नियम ठरलेले नाहीत. जाऊ नकोस.'

तिने तक्ता नीट बघितला. म्हणाली, 'सर, तिसरा रकाना राहिला. मी गेले तर पानं कोण कापणार?'

मी हसलो. ते वाक्य किती मोलाचं होतं हे तेव्हा कळलं नाही. तिने पुण्याला न जाण्याचा निर्णय घेतला तो त्या तिसऱ्या रकान्यावरून. माझ्या बेरजेशी त्याचा काही संबंध नव्हता.

दुसरा सल्ला

पुण्याला नको म्हटलं तर पर्याय द्यायला हवा. माझ्या डोक्यात होतं कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरलं जाणारं कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद. राष्ट्रीय नमुना पाहणीचं क्षेत्रकाम करणारी माणसं यातून येतात. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, नोंदी तपासायच्या; तेलुगू, मराठी, हिंदी तिन्ही बोलणारी मुलगी, यापेक्षा योग्य काय? त्या पदासाठी सांख्यिकीचा वेगळा पेपर असतो. मी तिला पुस्तकं दिली, शनिवारी दुपारी स्वतः शिकवायला लागलो. सहा महिने ती त्या पेपरात बुडाली. मध्यमान, विचलन, सहसंबंध, नमुना निवड. इतकी शिस्त मी फार थोड्या मुलांत बघितली आहे.

एप्रिल २०२३ मध्ये जाहिरात आली. अर्ज भरायला बसली आणि थांबली. या पदासाठी पदवी कोणतीही चालते, पण बारावीला गणितात किमान ६० टक्के किंवा पदवीला सांख्यिकी हा विषय असावा लागतो. तिची बारावी कला शाखेची, गणिताशिवाय. बी.ए.ला अर्थशास्त्रात सांख्यिकीची तोंडओळख होती, सांख्यिकी हा विषय म्हणून नव्हता. त्याच परीक्षेतल्या बाकीच्या अनेक पदांना ती पात्र होती, पण तिची सगळी तयारी त्या एका पेपरभोवती झालेली.

ही अट काही गुपित नाही. दर वर्षीच्या जाहिरातीत छापलेली असते. मी वाचली नव्हती. 'पदवीधर' हा शब्द वाचून पुढे गेलो होतो.

तीन आठवडे ती कॉलेजला आली नाही. मग मी घरी गेलो. दोन खोल्या, मधल्या भिंतीला टेकून आई बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. वडिलांनी बाकडं पुढे सरकवलं. 'या सर. काय करूलालीय पोरगी, आम्हाला काय कळत नाही. तुम्हीच सांगा.' आईचे हात थांबले नव्हते. ती मुलीकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाली. मुलगी गप्प. मी विचारलं, काय म्हणाल्या? तिने सांगावं की नाही असा विचार केला आणि सांगितलं : 'अम्मा म्हणते, सरांनी कागद नीट वाचला नव्हता का.'

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मधला प्रश्न

इथे थोडं मागे जायला हवं. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू होती त्या आठवड्यात, वर्गात अर्धी बाकं रिकामी असताना मी श्रमशक्ती पाहणी शिकवत होतो. २०१७ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या या पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाच्या स्थितीला एक संकेतांक असतो. ११ म्हणजे स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ नियमित पगारी, ५१ रोजंदारीवरचा, ८१ काम शोधणारा, ९१ विद्यार्थी, ९२ फक्त घरकाम करणारी व्यक्ती. मुलं हे पाठ करतात, उत्तरपत्रिकेत ओततात आणि विसरतात. तिने हात वर केला.

'सर, मी ९१ की २१?'

तिने पुढे सांगितलं ते असं. रोज संध्याकाळी ती दोन तास तेंदूची पानं कापते. ती आधी भिजवायची, मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. पान कापलेलं असलं तर आईला दुसऱ्या दिवशी नुसतं वळायचं राहतं. या दोन तासांचे पैसे तिला मिळत नाहीत, आईलाही वेगळे मिळत नाहीत. दर आहे तो हजार विड्यांचा.

मी नियम सांगितला. वर्षाचा जास्त वेळ शिक्षणात म्हणजे मुख्य स्थिती ९१. पण वर्षात ३० दिवसांहून कमी नाही इतकं काम केलं असेल तर ते दुय्यम स्थितीत नोंदवता येतं, तिथे २१. 'म्हणजे तू दोन्ही.'

'आणि अम्मा?'

आता मी अडकलो. कच्चा माल कारखान्याचा, दर कारखान्याचा, माल नापास करायचा हक्क कारखान्याचा, जागा आणि वेळ बाईचा. पाहणीच्या व्याख्येत घरी काम नेऊन करणारे असे लोक स्वयंरोजगारात धरले जातात. आणि तेव्हा लागू असलेला १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा म्हणायचा की मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या मालातून घरी विड्या वळणारी बाई ही कामगार आहे. कामगार म्हणूनच तिचा भविष्य निर्वाह निधी, कामगार म्हणूनच तिच्या मुलीला मिळालेली शिष्यवृत्ती. एकच बाई, एकच सूप. कायद्याच्या वहीत ती नोकर, आकड्यांच्या वहीत मालकीण.

वर्ग हसला. ती हसली नाही. तिने वहीत दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून घेतल्या.

मला वाटतं या प्रकरणातलं माझं एकमेव बरं काम म्हणजे, त्या दिवशी घाईघाईने 'परीक्षेत असं येत नाही' म्हणालो नाही. श्रेय यापेक्षा जास्त घेता येणार नाही.

प्रबंध

त्यांच्या घरून परतताना मला नवीन परीक्षा सुचवायची हिंमत नव्हती. एवढंच म्हणालो की दुसऱ्या वर्षाचा प्रबंध पानं कापण्यावर कर. तिला वाटलं मी समजूत काढतो आहे. काही अंशी काढतच होतो.

पण तिने सांख्यिकीच्या त्या वाया गेलेल्या सहा महिन्यांचा उपयोग केला. गल्लीतली आणि शेजारच्या दोन वसाहतींतली चोवीस घरं निवडली. प्रत्येक घरी आठवडाभर वेळेची नोंद : पानं भिजवणं, कापणं, वळणं, तोंड बंद करणं, सूत बांधणं, मोजणं, कारखान्याच्या शाखेत माल देऊन येणं, तिथली रांग. प्रत्येक कामापुढे ते कोणी केलं हेही. बायका घड्याळ बघून काम करत नाहीत, म्हणून तिने वेळ मोजायला टीव्हीवरच्या मालिका धरल्या. अमुक मालिका सुरू होताना कापायला बसलो, तमुक संपताना उठलो. मला ही युक्ती आजही फार आवडते. पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात असं काही मिळत नाही, आणि स्मरणावर विसंबून घेतलेल्या नोंदीपेक्षा ते खात्रीचं आहे.

पहिल्या भेटीत प्रत्येक बाई म्हणायची, 'मी दिवसाला हजार वळते.' आठवडाभराच्या नोंदीत 'मी' म्हणजे तीन-तीन माणसं निघायची : सासू, मुलगी, कधी शाळेतून आलेला मुलगा. याचा अर्थ तिने प्रबंधात एका साध्या उदाहरणाने मांडला. समजा हजार विड्यांना बाईचे ८ तास लागतात आणि पानं कापायला मुलीचे २. हजारीचा दर काहीही असो, तासाची मजुरी काढताना आपण त्याला ८ ने भागतो. भागायला हवं १० ने. म्हणजे कागदावर दिसते त्यापेक्षा खरी मजुरी २० टक्क्यांनी कमी. दर वाढवून मागताना संघटनासुद्धा हजारीवर बोलतात, तासावर नाही, असंही तिने एका तळटीपेत लिहिलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती तळटीप वर मजकुरात घे म्हणून सांगितलं.

तिसरा सल्ला

प्रबंध वाचून मी पुन्हा उतावळा झालो. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, केंद्र सरकारातल्या अर्थतज्ज्ञ अधिकाऱ्यांची सेवा! या वेळी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवी, ती आहे. वय २१ ते ३०, बसतं. जागा देशभरात वर्षाला साधारण दहा ते पंचवीस, हे तिला आधीच सांगितलं. आणि उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात.

इथे मराठी माध्यमाचा प्रश्न येतो, आणि त्यावर आपण मास्तर मंडळी फार गुळमुळीत बोलतो. मी तिला जुना एक प्रश्न दिला आणि आधी मराठीत लिहायला सांगितला. उत्तर उत्तम : व्याख्या, आकृती, मर्यादा, भारतातलं उदाहरण. मग तेच इंग्रजीत. अर्ध्या पानावर थांबली. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम तिला आतून कळलेला होता, पण 'डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी' हे शब्द तिने पाच वर्षांत माझ्या तोंडून क्वचितच ऐकले होते. मी संज्ञा मराठीत सांगायचो आणि मुलांना समजतंय यावर खूश असायचो. समजत होतंच. पण दोन्ही नावं शेजारी शेजारी फळ्यावर लिहायला मला काय जड जात होतं? आता लिहितो. तिच्या बॅचला त्याचा उपयोग नाही.

हा सल्ला मी चुकीचा म्हणत नाही, अर्धवट म्हणतो. तीन वर्षं आधी दिला असता आणि त्याबरोबर भाषेची तयारी करून घेतली असती तर तो सल्ला झाला असता. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात ती नुसती इच्छा होती. तिने स्वतःच सांगितलं, 'सर, दोन वर्षं लागतील इंग्रजीला. धाकटा भाऊ बारावीत आहे.' या वेळी तक्ता तिने तोंडीच मांडला, तिसऱ्या रकान्यासकट.

नोकरी

नोकरी लागली ती चोवीस घरांपैकी एका घरामुळे. त्या घरातली बाई विड्या सोडून टॉवेलच्या कडा शिवायला लागली होती. तिला काम आणून देणारा ठेकेदार एकदा नोंदी चालू असताना दारात उभा होता. एवढं बारीक लिहिणारी मुलगी कोण म्हणून त्याने विचारलं आणि सांगितलं की एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात किमतीचा हिशेब काढायला माणूस हवा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. मी हे दर वर्षी शिकवतो. तिच्या बाबतीत मी 'जवळचा' होतो. मला परीक्षाच माहीत.

मुलाखत पंधरा मिनिटं चालली. पदवी कुठली, गुण किती, कुणी विचारलं नाही. १९७३ चाच मायकेल स्पेन्सचा सिद्धांत म्हणतो की पदवी ही मालकाला दिलेली खूण असते. पण ती खूण वाचणारा समोर बसलेला असावा लागतो. या मालकांनी एक टॉवेल पुढे टाकला. '७५ बाय १५०, साडेचारशे जीएसएम. वजन सांगा.' जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हे तिला ठेकेदाराने आदल्या दिवशी सांगितलं होतं. पाऊण गुणिले दीड, गुणिले साडेचारशे. 'पाचशे सहा ग्रॅम.' मग सुताचा भाव देऊन एका नगाची किंमत काढायला सांगितली. तिने सूत, वाया जाणारं सूत, विणाई, धुलाई, शिलाई, तपासणी, पॅकिंग असं लिहीत नेलं आणि विचारलं, 'शिलाई आणि धागे कापणं घरोघरी जातं ना? तिथे नगावर दर की तासावर?'

जुलै २०२४ पासून ती तिथे आहे. पगार माझ्या तासिका तत्त्वावरच्या शेवटच्या वर्षापेक्षा बरा आहे. हे विनोदाने लिहिलं आहे, पण फारसं विनोदी नाही.

यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. कुठल्याही परीक्षेचं नाव घेण्याआधी विद्यार्थ्याने त्या जाहिरातीतली पात्रतेची अट स्वतःच्या हाताने मराठीत लिहून आणायची आणि आम्ही दोघांनी ती वाचायची. आणि एम.ए. होऊन गेलेल्या मुलांच्या पहिल्या नोकऱ्यांची एक वही ठेवली आहे, कशी मिळाली या रकान्यासह. वही अजून पातळ आहे.

पाचेक महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. म्हणाली, 'सर, आता नगाचा दर मीच काढते.' धागे कापायच्या कामाचा नवा दर ठरवायचा होता. ती तीन घरी जाऊन बसली, वेळ मोजला आणि तक्ता केला. बाईचा वेळ एका रकान्यात, मुलीचा आणि सासूचा दुसऱ्यात. दोन्ही धरून दर काढला आणि मालकांपुढे ठेवला. ते वाईट माणूस नाहीत, असं तीच म्हणते. त्यांनी दुसऱ्या रकान्यावर रेघ मारली. 'आपण बाईला काम देतो. घरात कोण मदत करतं ते आपण कशाला बघायचं?'

मी विचारलं, मग?

'मग पहिल्या रकान्यावर दर लागला. दोन्ही रकान्यांचा कागद माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी परत ठेवू का?'

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, न्यायाची गोष्ट म्हणून ठेवू नकोस. परदेशी गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी कारखान्याची तपासणी करतं, त्यात बाहेर दिलेलं काम कोण करतं हा प्रश्न असतो. तो प्रश्न आला की उत्तर म्हणून तुझा कागद तयार असू दे. मालकांना ती गोष्ट ऑर्डर वाचवण्याची म्हणून दिसेल.

'बघते,' म्हणाली. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.